एग्मोरची दूधपेढी आणि उरलेले काम

शासनाला इमारत बांधता येते, यंत्र विकत घेता येते, बंदी घालता येते. एखाद्या बाळंतिणीजवळ बसून तिला धीर देणे मात्र जड जाते. चेन्नईतील स्तनपानविषयक प्रयत्नांचा इतिहास हेच सांगतो.

या इतिहासाचे मूळ महाराष्ट्रात आहे. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दूधपेढी उभारली. मातांनी स्वेच्छेने दिलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापवून, थंड करून, अशक्त व अकाली जन्मलेल्या बालकांना दिले जाते. डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपानाच्या पुरस्कारासाठी देशव्यापी संघटना स्थापन झाली. १९९२ साली संसदेने कायदा करून डब्याच्या दुधाची जाहिरात व मोफत नमुने यांना मनाई केली; २००३ मध्ये तो अधिक कडक झाला.

मद्रासमध्ये सरकारी प्रसूतिरुग्णालय १८४४ पासून आहे. पुढे ते एग्मोरला आले. त्याच एग्मोरमधील शासकीय बालरुग्णालयात २०१४ साली दूधपेढी सुरू झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यभरातील बसस्थानकांवर ३५२ स्तनपान कक्ष उघडले गेले. दोन्ही कामे निःसंशय स्तुत्य होती.

तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे विचार करायला लावतात. तामिळनाडूत ९९ टक्क्यांहून अधिक प्रसूती रुग्णालयांत झाल्या; पण सहा महिन्यांखालील बालकांपैकी सुमारे ५५ टक्केच निव्वळ स्तनपानावर होती. देशाची सरासरी ६४ टक्क्यांच्या आसपास होती. राज्यातील सुमारे ४५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, हेही लक्षात घ्यावे. अशा मातेला वेदना असतात, पहिले पाजणे लांबते, दूध पुरत नाही अशी शंका येते आणि डबा घरात शिरतो.

पूर्वी अशा वेळी माहेरची जाणती बाई बाळाला कसे धरावे ते दाखवी. प्रसूती रुग्णालयाने आपल्याकडे घेतली, त्या बाईचे काम मात्र मागेच राहिले. परप्रांतातून चेन्नईत आलेल्या, तमिळ न समजणाऱ्या सुनेला तर ही उणीव दुप्पट जाणवते.

प्रसूतींची मोजणी होते. तिसऱ्या रात्री रडणाऱ्या बाळापाशी मातेच्या सोबतीला कोण होते, याची होत नाही. ज्याची नोंद नाही, त्यासाठी पद मंजूर होत नाही. प्रत्येक प्रसूतिकक्षात केवळ याच कामासाठी नेमलेली, मातेची भाषा जाणणारी परिचारिका असणे, हा या इतिहासाचा पुढचा टप्पा असावयास हवा.