इंजेक्शनचं माहेर

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी होते आणि त्याच संध्याकाळपासून इंजेक्शनं सुरू होतात. मुलासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. साधारण दहा-बारा दिवस रोज ठरल्या वेळी टोचून घ्यायचं, मधूनमधून ‘फॉलिकल स्टडी’ला, म्हणजे अंडी किती वाढली ते सोनोग्राफीत पाहायला जायचं, शेवटी रात्री उशिराचं ‘ट्रिगर’, आणि मग छत्तीसेक तासांनी ‘पिकअप’, म्हणजे अंडी काढणं. यातल्या रोजच्या इंजेक्शनाला सेंटरच्या बाकड्यांवर नाव एकच: अंडी वाढवायचं इंजेक्शन. खोक्यात काचेची छोटीशी बाटली असते, तिच्या तळाशी पांढऱ्या पावडरीची पातळ चकती. शेजारी सलाईनची कुपी. कुपीची मान मोडायची, पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, पावडरीवर सोडायचं, पण बाटली खळखळवायची नाही, तळहातांत नुसती फिरवायची. विरघळलं की तेच पाणी पुढच्या बाटलीत. खोक्यावर छापलेलं असतं मेनोट्रोफिन किंवा एचएमजी, ७५ आययू. आतल्या घडी घातलेल्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत हेही असतं की हे औषध पाळी गेलेल्या बायकांच्या मूत्रातून काढलेलं आहे.

तो कागद कुणी उलगडत नाही. उलगडला तर बर्लिन, रोम आणि कोलकाता अशी तीन शहरं लागतात.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक या दोघांनी १९२७-२८च्या सुमाराला गरोदर बायकांचं मूत्र वयात न आलेल्या उंदरिणींना टोचून पाहिलं. काही दिवसांनी उंदरिणींची बीजकोशं उघडली तर ती सुजलेली, त्यांवर रक्ताचे ठिपके. पिल्लू म्हणावं अशा प्राण्याची बीजकोशं एकदम जागी झाली होती. यातून गरोदरपणाची पहिली भरवशाची चाचणी निघाली, पण आपल्या गोष्टीला महत्त्वाचं ते वेगळंच. बीजकोशाला कामाला लावणारं काहीतरी मूत्रातून बाहेर पडतं, आणि जे बाहेर पडतं ते गोळा करता येतं. १९३३मध्ये नाझी सत्तेवर आले. दोघंही ज्यू. आशहाइम पॅरिसला गेले, झोंडेक स्वीडनमार्गे जेरुसलेमला.

गरोदर बायकांच्या मूत्रातलं ते द्रव्य म्हणजे एचसीजी. नेदरलँड्सच्या ऑस गावातल्या ऑर्गेनॉन कंपनीने ते तिसाच्या दशकातच बाजारात आणलं. खाटीकखान्यातल्या प्राण्यांच्या ग्रंथींपासून इन्सुलिन काढण्याच्या धंद्यातून निघालेली ही कंपनी. पुढे कित्येक दशकं डच गरोदर बायका घरी बाटल्या भरून ठेवत आणि कंपनीची माणसं दारोदार जाऊन त्या नेत. आजचं ‘ट्रिगर’ बरेचदा हेच एचसीजी असतं. पण ते वाढलेलं अंडं सोडवतं, अंडं वाढवत नाही. वाढवायला एफएसएच हे दुसरं संप्रेरक लागतं आणि घोडं अडलं होतं तिथेच.

घोडं शब्दशः अडलं. १९३०मध्ये गाभण घोडीच्या रक्तद्रवात अंडी वाढवणारं द्रव्य सापडलं आणि काही वर्षं डॉक्टरांनी ते बायकांना दिलंही. पण परक्या प्राण्याचं प्रथिन शरीर ओळखतं आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, त्यामुळे एकदा लागू पडलेलं औषध पुढच्या खेपेला फुकट जायचं. माणसाचंच द्रव्य हवं होतं. स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी १९५८मध्ये मृतदेहांच्या पिट्युटरी ग्रंथींतून ते काढलं, त्याने बायकांना दिवसही गेले. ऑस्ट्रेलियात तर त्याचा सरकारी कार्यक्रमच निघाला. तो १९८५मध्ये बंद करावा लागला, कारण मृतांच्या ग्रंथींबरोबर मेंदू पोखरणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा रोगही टोचला जाऊ शकतो हे लक्षात आलं. हे इंजेक्शन घेतलेल्या चार ऑस्ट्रेलियन बायका त्या रोगाने गेल्या. मूल हवं म्हणून दंड पुढे केलेल्या बायका होत्या त्या. या उपचाराचा इतिहास सांगताना ही चार माणसं वगळायची पद्धत आहे, ती मला पटत नाही.

रोमच्या सेरोनो संस्थेत पिएरो दोनिनी या रसायनतज्ज्ञाने १९४९मध्येच सुरक्षित वाट काढून ठेवली होती. त्याचा तर्क असा. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी एफएसएच सोडून बीजकोशाला हाक देते. बीजकोशाने ओ दिली, म्हणजे इस्ट्रोजेन तयार झालं, की ती गप्प बसते. पाळी गेल्यावर बीजकोश ओ द्यायचं थांबवतो, आणि घरात कुणी उत्तर देईना की हाक मारणाऱ्याचा आवाज चढावा, तसं पिट्युटरीचं होतं. अशा बाईच्या रक्तात एफएसएच भरभरून असतं आणि उरलेलं मूत्रावाटे निघून जातं. दोनिनीने ते मूत्रातून वेगळं केलं, शुद्ध केलं आणि त्याला नाव दिलं पर्गोनाल. खोक्यावरचं एचएमजी ते हेच. मग काही वर्षं ते पडून राहिलं. त्याचं काय करायचं हे कंपनीत कुणालाच कळेना.

ते कळलं ब्रुनो लुनेनफेल्ड यांना. व्हिएन्नात जन्मलेला, नाझींपासून पळालेला आणि जिनिव्हात वैद्यकी शिकलेला हा तरुण सेरोनोच्या संचालकांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, मला पाळी गेलेल्या चारशे बायका द्या, रोज मूत्र गोळा करायला. संचालक मंडळाने त्याला वाटेला लावलं. आपण बाहेर येऊन रडलो, असं लुनेनफेल्ड यांनी म्हातारपणी सांगितलं आहे. तिथे त्यांची गाठ पडली जुलिओ पाचेल्ली यांच्याशी. हे कंपनीच्या संचालक मंडळावर होते आणि तेव्हाचे पोप बारावे पायस यांचे पुतणे होते. लुनेनफेल्ड यांच्या आठवणीप्रमाणे काही दिवसांनी पाचेल्लींनी मंडळापुढे तेच सगळं पुन्हा मांडलं आणि शेवटी एवढंच जोडलं की, काकांनी वृद्ध ननांच्या आश्रमांना मदत करायला सांगितलं आहे. पैसे लगेच मंजूर झाले.

ननांची निवड नुसत्या ओळखीपाळखीने झाली असं मात्र समजू नये. औषधासाठी पाळी गेलेल्याच बायका हव्या होत्या. एखादी गरोदर बाई चुकून त्यांत आली असती तर तिच्या एचसीजीने सगळा घाणा बिघडला असता. वृद्ध नन म्हणजे खात्रीचा माल, शिवाय शेकडो जणी एका छताखाली आणि शिस्त कडक. एका स्त्रीच्या एका उपचाराला दहा जणींचं दहा दिवसांचं मूत्र लागे, असा हिशेब लुनेनफेल्ड सांगत. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेल्या बायकांच्या शरीरातून दुसऱ्यांची मुलं यायची होती. गंमत अशी की याच बाराव्या पायस यांनी १९५६च्या मे महिन्यात, प्रजननतज्ज्ञांच्याच परिषदेपुढे, शरीराबाहेर गर्भ घडवण्याचे प्रयत्न अनैतिक ठरवले होते. पर्गोनाल तेव्हा त्या कामाचं नव्हतंच. अंडंच न सुटणाऱ्या बाईला अंडं सुटावं, बाकी निसर्गाने पाहून घ्यावं, एवढाच त्याचा उपयोग होता. १९६२मध्ये इस्रायलमध्ये लुनेनफेल्ड यांच्या उपचाराने एका स्त्रीला मुलगी झाली. एचएमजीचं हे पहिलं मूल.

सुरुवातीला औषधाचं माप सापडत नव्हतं. एकाच वेळी पाच-पाच, सहा-सहा अंडी सुटत. जुळी, तिळी, त्याहून जास्त. बीजकोश फुगून पोटात पाणी भरे, ते जिवावर बेतू शकतं आणि आजही क्वचित बेततं. फॉलिकल स्टडीच्या त्या कंटाळवाण्या फेऱ्या याच अनुभवातून आल्या आहेत. डॉक्टर डोस अर्ध्यावर आणतो किंवा या वेळची सायकल रद्द करू म्हणतो, तेव्हा जोडप्याला वाटतं पैसे पाण्यात गेले. खरं तर त्या वेळी डॉक्टर आपलं सगळ्यात महत्त्वाचं काम करत असतो.

आता कोलकात्याकडे येऊ. इंग्लंडात रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो सत्तरच्या दशकात एचएमजी वापरूनच अंडी काढत होते. अंडी मिळत, गर्भही होत, पण गर्भाशयात टिकत नसत. औषधाने पाळीचा उत्तरार्ध बिघडत होता. शेवटी त्यांनी औषधच सोडलं आणि निसर्गाने त्या महिन्यात दिलेलं एकच अंडं काढलं. त्यातून २५ जुलै १९७८ रोजी जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, जन्मली. त्याच सुमारास कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय नेमकं उलट करत होते. १९६७मध्ये एडिनबरोला जॉन लोरेन यांच्या हाताखाली त्यांनी दुसरी पीएच.डी. केली होती, आणि लोरेन यांची हयात या संप्रेरकांचं मोजमाप करण्यातच गेली. एचएमजी काय करतं आणि काय बिघडवतं हे मुखोपाध्यायांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी औषध टाकलं नाही. औषधाने जास्त अंडी वाढवली, ती योनिमार्गातून काढली, गर्भ तयार केला, गोठवला आणि ५३ दिवसांनी, औषधाचा परिणाम ओसरल्यानंतरच्या पाळीत, गर्भाशयात सोडला. सोबतीला क्रायोबायॉलॉजिस्ट सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ सरोजकांती भट्टाचार्य. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा जन्मली.

आज कुठल्याही सेंटरमध्ये ‘या सायकलला अंडी काढू, गर्भ फ्रीज करू, ट्रान्सफर पुढच्या महिन्यात’ असं सांगतात ना, ती हीच पद्धत. गोठवलेल्या गर्भापासून परदेशातलं पहिलं मूल मेलबर्नला जन्मलं ते १९८४मध्ये.

दुर्गाच्या जन्माचा दावा तपासायला पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्या अध्यक्षपदी होते रेडिओफिजिक्सचे तज्ज्ञ. समितीने दावा थोतांड ठरवला. मुखोपाध्यायांना जपानला जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. १९८१मध्ये त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली. संप्रेरकांचा माणूस डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा चित्रपट आपल्याकडे पुष्कळांनी पाहिला आहे, पण तो मुखोपाध्यायांच्या आयुष्यावरून सुचलेला आहे हे नंतर कळतं.

त्यांना न्याय मिळाला तो मुंबईमुळे, आणि तोही जिचं नुकसान होणार होतं त्याच बाजूने. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी हर्षाचा जन्म झाला. देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून तिचं नाव पेपरांत झळकलं. १९९७मध्ये आनंद कुमार कोलकात्याला गेले असता मुखोपाध्यायांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्या वाचून त्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की पहिलेपणाचा मान सुभाष मुखोपाध्यायांचा आहे. आपल्या नावावरचा पहिला क्रमांक स्वतःच खोडणारा शास्त्रज्ञ आपल्याकडे विरळाच. दुर्गा स्वतः २००३मध्ये, पंचविसाव्या वाढदिवसाला, सगळ्यांपुढे आली.

पुढे जगभर आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ घडवणं, वाढलं तसा ननांचा साठा पुरेनासा झाला आणि कंपन्या देशोदेशींच्या सामान्य बायकांकडे वळल्या. १९९५पासून हॅमस्टरच्या बीजकोशाच्या पेशींकडून तयार करून घेतलेल्या एफएसएचची इंजेक्शनं आली. ती पेनमध्ये भरलेली मिळतात, पोटावर घरच्या घरी टोचता येतात. मूत्रातलं एचएमजी तरीही संपलं नाही. त्याचं शुद्धीकरण सुधारलं, आणि किंमत कमी म्हणून आपल्याकडे ते सर्रास वापरलं जातं.

आणि ही पायरी सगळ्यांना लागतेच असंही नाही. आधी गोळ्या असतात, मग आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं. त्याच्याही आधी नवऱ्याची तपासणी, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उशिरा होते. पिंपळाला फेऱ्या मारायला सुनेला धाडलं जायचं, आता सोनोग्राफीलाही आधी तिलाच धाडतात. वास्तविक नवऱ्याच्या पिट्युटरीची हाक कमी पडत असेल तर हेच एचएमजी त्यालाही देतात, पण हे सासूबाईंना कोण सांगणार? एवढं करून दिवस राहिले नाहीत तर दुसरीची अंडी, दत्तक, किंवा आता पुरे असं दोघांनी ठरवणं, हे रस्ते उरतातच. या उपचारांसाठीच्या २०२१च्या कायद्याने स्त्रीला पन्नाशीपर्यंत आणि पुरुषाला पंचावन्नपर्यंत मुभा दिली आहे. म्हणून तिथवर गेलंच पाहिजे असं काही त्यात लिहिलेलं नाही.

दहा-बारा दिवसांची ती इंजेक्शनं मात्र ज्यांना घ्यावी लागतात त्यांच्यासाठी व्यवहाराची एक गोष्ट. बहुतेक विमा पॉलिसी यातला पैसा देत नाहीत आणि औषधाचा खर्च एकूण बिलात मोठा असतो. २०११मध्ये ४२ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणी झाली. मूत्रातली जुनी इंजेक्शनं आणि पेशींतली नवी, यांत मूल होण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. कुठलं निवडायचं ते उपलब्धता, सोय आणि किंमत पाहून ठरवा, असं तपासणाऱ्यांनी लिहिलं. तेव्हा डॉक्टरांनी महागड्या पेनचं नाव लिहिलं, तर ‘यातलं एचएमजी चालेल का, आणि नसेल तर का नाही’ असं सरळ विचारावं. चांगला डॉक्टर रागावत नाही, कारण सांगतो.