हाडातील पोकळी आणि सशाची साक्ष

१/८
पिंपरीचा औद्योगिक इतिहास म्हटला की मोटारी आठवतात. परंतु येथील आरंभीच्या मोठ्या कारखान्यांपैकी एक औषधांचा होता. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

२/८
१९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. पिंपरी-चिंचवड आणि पुढे चाकण यंत्रांनी गजबजले. यंत्रांबरोबर अपघातही आले. प्रतिजैविकांमुळे उघड्या अस्थिभंगातील जंतुसंसर्ग आटोक्यात आणता येऊ लागला, पाय वाचू लागले. पण चुरा होऊन गेलेल्या हाडाची जागा कशाने भरायची?

३/८
रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून बसवणे हा आजही विश्वासाचा उपाय. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. म्हणून कृत्रिम पर्यायांचा शोध सुरू झाला. १८९२ मध्ये जर्मन शल्यविशारद ड्रेसमन यांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्या.

४/८
१९२० मध्ये अमेरिकेत फ्रेड आल्बी व त्यांच्या सहकाऱ्याने कॅल्शियम फॉस्फेट सशांच्या हाडांतील फटीत सोडून पाहिले. ती हाडे, काहीही न घातलेल्या हाडांपेक्षा लवकर जुळली.

५/८
खरी मेख येथेच आहे. लहान फट ससा आपोआप भरून काढतो. तुलनेला रिकामी फट नसेल, तर श्रेय पदार्थाचे की सशाचे, हे कळणार कसे? म्हणून १९८० च्या दशकात संशोधकांनी निकष मांडला : जी फट स्वतःहून भरून येतच नाही, तिच्यावरच चाचणी घ्यावी.

६/८
शिवाय सशाचे हाड माणसाच्या हाडापेक्षा झपाट्याने नवे होते आणि त्यावर भारही कमी पडतो. म्हणून वजन पेलणाऱ्या हाडांसाठी मेंढीवर प्रयोग होऊ लागले.

७/८
भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना बंदी करत नाही, मर्यादा घालतो. कलम १७ नुसार, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा प्राणी टाळावा. शस्त्रक्रिया शक्यतो भूल देऊन व्हावी. ‘भागत असेल तर’ या शब्दांवरच सारा वाद उभा आहे.

८/८
इतिहासाचे विद्यार्थी कागदाला प्रश्न विचारतात : कोणी लिहिला, कधी, कशाच्या आधारे? कृत्रिम हाडालाही तेच विचारावे : कोणत्या प्राण्यात, किती काळ, कशाच्या तुलनेत? उत्तर नसेल, तर त्या प्राण्याची वेदना वाया गेलेली असते आणि अपुरा पुरावा कोणा कामगाराच्या पायात बसवला जातो.