सोलापूरचे डाळिंब आणि जहाजाची नोंदवही

सोलापूरचा आणि समुद्राचा काय संबंध, असे कोणीही विचारील. आपल्याकडून बंदर गाठायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. तरीपण हिंदी मालकीचे जहाज विलायतेला धाडणाऱ्या मंडळींतले एक अग्रणी, वालचंद हिराचंद, १८८२ साली जन्मले ते याच सोलापुरात. १९१९ साली त्यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे सहकाऱ्यांबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्याच वर्षी ५ एप्रिलला तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले.

५ एप्रिलला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, तो यासाठीच. शाळांतून तारीख सांगतात, पण जहाजाचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. ‘लॉयल्टी’ मूळची वेगासाठी बांधलेली प्रवासी बोट. कॅनडाच्या कंपनीने ती वापरली, मग ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतली आणि पहिल्या महायुद्धात ती इस्पितळ-जहाज झाली. अशा बोटीची भट्टी कोळसा किती खात असेल! १९२३ साली ती भंगारात गेली. धाडस मोठे होते, पण जहाजाचा हिशेब धाडसाने जुळत नाही. कोणत्या वाटेने जावे, किती वेगाने जावे, म्हणजे खर्च कमी येईल? आज मी सांगणार आहे ती या हिशेबाची गोष्ट.

कोळशाच्या आधी शिडे होती. वारा फुकट, खर्च व्हायचे ते दिवस. आपल्या कोकणच्या तांडेलाला हे पक्के ठाऊक होते. पावसाळ्यात गलबत वर ओढून ठेवायचे, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि मग बाहेर पडायचे. हे शहाणपण बापाकडून मुलाकडे तोंडी जाई. शेजारच्या बंदरातल्या तांडेलाला काय कळले, ते मात्र त्याचे त्याच्यापाशीच राही.

हे विखुरलेले शहाणपण एकत्र करण्याचे काम अमेरिकेतल्या एका लंगड्या अधिकाऱ्याने केले. मॅथ्यू मोरी त्याचे नाव. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय निकामी झाला, समुद्रावरची नोकरी संपली आणि १८४२ साली त्याला वॉशिंग्टनच्या नकाशा-कचेरीत बसवले. तिथे जुन्या जहाजांच्या नोंदवह्यांचे ढीग पडले होते. कप्तान रोज लिहितो ना, आज वारा कुठून, प्रवाह कुठे, किती मजल मारली, त्या या वह्या. लोकांच्या लेखी ती रद्दी होती. मोरीने त्यांतून महिनावार, समुद्राच्या चौकटी-चौकटीने वारे आणि प्रवाह काढले आणि १८४७ साली नकाशे छापायला सुरुवात केली. शर्त एकच : नकाशा फुकट घ्या आणि आपली नोंद आम्हाला पाठवा. सहकारी सोसायटीचा व्यवहारच म्हणा ना! न्यूयॉर्कहून अमेरिका खंडाला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या जहाजांचा महिना-दीड महिना त्याने वाचला. १८५१ साली ‘फ्लाइंग क्लाउड’ हे जहाज हाच प्रवास नव्वद दिवसांच्या आत करून गेले. त्याची वाट आखणारी होती कप्तानाची बायको, एलेनॉर क्रीझी. शिक्षकभगिनींनी हे नाव मुलींना जरूर सांगावे. १८५३ साली ब्रुसेल्सला दहा राष्ट्रांची परिषद भरली आणि नोंदी कशा ठेवायच्या याची रीत ठरली.

पुढे वाफ आली, मग तेलाचे इंजिन आले. आता जहाज वाऱ्यासाठी थांबेना, पण इंधन पैसे मागू लागले. इथे एक गणित आहे, वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगे. जहाजाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. एखादे जहाज रोज १०० टन तेल जाळीत दहा दिवसांचा प्रवास करते, म्हणजे १,००० टन. वेग फक्त दहा टक्के कमी करा. रोजचे तेल ७३ टनांवर येते, प्रवास अकरा दिवसांवर जातो आणि एकूण तेल लागते ८१० टनांच्या आसपास. एका दिवसाच्या बदल्यात १९० टन तेल! मग सगळेच हळू का जात नाहीत? कारण भाड्याच्या करारात बहुधा अट असते, की जहाजाने लवकरात लवकर पोचावे. मग ते तेल जाळीत धावते आणि बंदराबाहेर रांगेत नांगर टाकून उभे राहते. साखर कारखान्याच्या दारातल्या उसाच्या गाड्या तुम्ही पाहिल्याच आहेत.

आता हा हिशेब संगणकाकडे आला आहे. २००४ सालापासून आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या मोठ्या जहाजांना आपले नाव, जागा आणि वेग सतत कळवणारे यंत्र बसवावेच लागते. वरून उपग्रह लाटा आणि वारे मोजतात. या सगळ्या नोंदी संगणकाला वाचायला देतात आणि त्यांतून तो ‘शिकतो’. म्हणजे काय करतो? हे जहाज, इतका माल, तळाला इतके शेवाळ, समोरून इतक्या उंचीची लाट, तर तेल किती जळेल, याचा अंदाज तो मागच्या हजारो नोंदींवरून बांधतो. आपल्या बैलजोडीचा दम धनी ओळखतो ना, तसेच. मग तो नकाशावर असंख्य वाटा चालून पाहतो आणि स्वस्त पडणारी पुढे ठेवतो. काम मोरीचेच, फक्त कारकून बदलला. पण कप्तानाने नोंद खोटी लिहिली तर हा कारकूनही चुकतो. आणि नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, ते हवामानाच्या कोणत्या वहीत सापडणार होते? जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि २०२४ च्या हंगामात आपली द्राक्षे युरोपला दहा-पंधरा दिवस उशिरा पोचू लागली.

इथे सोलापूरकराने कान टवकारावेत. संगणक तेल वाचवतो ते जहाजमालकाचे. त्याला ‘कमी तेल’ सांगितले तर तो हळू जा म्हणेल, ‘कमी दिवस’ सांगितले तर वेगळी वाट देईल. काय मोजायचे ते माणसानेच सांगायचे असते, आणि पेटीतल्या फळाचे वय मोजा असे सांगणारा त्या टेबलाशी बसलेला नसतो. ६ डिसेंबर २०२४ ला आपल्या भागातली भगवा डाळिंबे, ५.७ टन, समुद्रमार्गाने ऑस्ट्रेलियाला निघाली. ती १३ जानेवारी २०२५ ला सिडनीला पोचली. मोजा : अडतीस दिवस. त्याच हंगामात अमेरिकेला गेलेल्या डाळिंबांना पाच आठवडे लागले. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने अपेडा या सरकारी निर्यात संस्थेबरोबर प्रयोग करून फळ साठ दिवसांपर्यंत टिकवून दाखवले, म्हणून हे जमले. साठातून पस्तीस गेले, उरले पंचवीस. तोडणी, निवड, पॅकिंग, बंदरातली तपासणी आणि तिकडच्या दुकानातली फळी, सगळे या पंचवीस दिवसांत बसवायचे आहे. वाटेत जहाज चार दिवस हळू गेले, तर ते चार दिवसही यातूनच जायचे.