बॉल मिलमधला अॅनोड

बॅटरीच्या इतिहासात मान मिळतो तो नवा पदार्थ शोधणाऱ्याला. कथील आणि कार्बन यांच्या भुकटीपासून केलेल्या अॅनोडच्या बाबतीत मात्र हा मान दळण्याच्या कसबाकडे जायला हवा, कारण पदार्थ जुनाच होता. साध्या तापमानाला विजेच्या साह्याने लिथियम कथलासारख्या धातूत शिरते आणि मिश्रधातू तयार होतो, हे ए. एन. डे यांनी १९७१ मध्येच दाखवले होते. ग्रॅफाइटची क्षमता ग्रॅममागे ३७२ मिलीअँपिअर-तास, तर कथलाची सुमारे ९९०. तरीही सोनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली ती कार्बनच्याच अॅनोडची. लिथियम शोषून कथील मूळ आकारमानाच्या साडेतीन पटींच्या घरात फुगते, ते सोडताना आक्रसते. अशा थोड्याच फेऱ्यांत कण तडकतात आणि त्यांचा विजेशी संबंध तुटतो.

यावरचे उत्तर बॅटरीवाल्यांकडे नव्हतेच. १९६६ च्या सुमारास इन्को कंपनीत जॉन बेंजामिन यांनी जेट इंजिनांसाठीच्या निकेलच्या मिश्रधातूत ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळायला बॉल मिल वापरली. पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने भुकटी चपटी होते, जुळते, फुटते, पुन्हा जुळते. न वितळताच मिश्रधातू घडतो. २००५ मध्ये सोनीने हँडीकॅमसाठी काढलेल्या ‘नेक्सेलिऑन’ बॅटरीत कथील, कोबाल्ट व कार्बन यांची अस्फटिकी भुकटी होती, आणि कंपनीच्या पेटंटांत हाच दळणाचा मार्ग दिसतो. लिथियमला दाद न देणारा कोबाल्ट आणि भोवतीचा कार्बन कथलाचे कण बारीक व वेगळे ठेवतात. तेवढ्याच जागेत क्षमता सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचा सोनीचा दावा होता.

हीच रचना कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने स्पटरिंगनेही, म्हणजे पृष्ठावर अणूंचा थर चढवण्याच्या पद्धतीनेही, साधली; मग मिलचे श्रेय काय, असे कोणी विचारील. पण स्पटरिंगने मिळतो तो पातळ थर. कारखान्याला पोत्यांनी भुकटी लागते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: नेक्सेलिऑनने ग्रॅफाइटला हटवले नाही. खरेच आहे. पण तिथे आड आला तो महागडा कोबाल्ट, जो वजन वाढवतो आणि स्वतः लिथियम साठवत नाही. गिरणीने कथलाला आवरले, कोबाल्टची किंमत आवरणे तिच्या हातात नव्हते. आजही बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांचा अॅनोड मुख्यतः ग्रॅफाइटचाच असतो.