ऑफिसचे काम स्वतःच्या मोबाईलवर : 'मान्य' म्हणण्यापूर्वी



सकाळी तांजोंग पगार स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या खिशात एकच मोबाईल असतो. ऑफिसची ई-मेल, सिंगपास आणि घरच्या गणपतीचे फोटो, सगळे त्यातच. स्वतःचे उपकरण कामासाठी वापरण्याच्या धोरणाला 'बीवायओडी' म्हणतात. त्याचा फॉर्म आपण सहसा न वाचताच मान्य करतो, म्हणून सभासदांसाठी ही माहिती.

कंपन्या एवढ्या काटेकोर का?
सिंगापूरच्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या (२०१२) मुख्य तरतुदी २ जुलै २०१४ पासून लागू झाल्या. कर्मचाऱ्याने काम करताना केलेल्या चुकीची जबाबदारी कंपनीवरही येते. किमान ५०० जणांची माहिती फुटल्यास, तसे ठरल्यापासून ३ दिवसांत आयोगाला कळवावे लागते. बँकांसाठी शेंटन वे येथील मॉनेटरी अथॉरिटीने जानेवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या विषयावर वेगळे परिशिष्टच दिले आहे.

दोन पद्धती
१. संपूर्ण फोनवर नियंत्रण : फोन हरवला किंवा नोकरी सुटली तर कंपनी दुरूनच सगळा फोन कोरा करू शकते. आपले फोटोही जातात आणि सिंगपास पुन्हा सुरू करावे लागते.
२. वेगळा कप्पा : उदा. अँड्रॉइडवरील 'वर्क प्रोफाइल'. यात फक्त ऑफिसचा भाग पुसला जातो. खासगी फोटो व संदेश कंपनीला दिसत नाहीत.

हे जरूर विचारा
- आमच्याकडे यातली कोणती पद्धत आहे?
- फोन कुठे आहे हे कंपनीला दिसते का?
- बिल आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा?
- फोन हरवल्यास कोणाला व किती वेळात कळवायचे?
- नोकरी सोडताना ऑफिसचा भाग कधी व कसा काढणार?
- नको असल्यास कंपनीचा फोन मिळेल का?

आपली बाजू
ग्राहकांच्या फाइली सोयीसाठी स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा खासगी ई-मेलवर पाठवू नयेत. कामाचा टॅब मुलांना खेळायला देऊ नये. फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवावी, आणि हे काम आजच करावे. पहिली पद्धत असेल तर एखादा जुना फोन फक्त ऑफिससाठी ठेवणे उत्तम. फॉर्मची एक प्रतही जपून ठेवा; नोकरी सोडताना तीच उपयोगी पडते.