चुलीपाशी ऐकलेला रेडिओ



मागच्या महिन्यात गटाची बैठक होती. बचतीचा हिशेब झाला, वही मिटली, चहा आला. आमच्या रेडिओच्या कामाचा विषय निघाला तशी एक आजी म्हणाली, "रेडिओ काय तुम्हीच आणला का गं? आमच्या घरी पण होता. पण फळीवर उंच ठेवलेला. बायकांचा हात पोचायचा नाही."

सगळ्या हसलो. पण घरी गेल्यावर ते बोलणं काही डोक्यातून जाईना. मग आम्ही ठरवलं, आपल्या गटांतल्या जुन्या बायांना दोनच गोष्टी विचारायच्या. रेडिओवर दिवसभर काय लागायचं? आणि ते लागायचं तेव्हा तुम्ही काय करत होता? त्यातून १९७५ च्या आसपासचा एक दिवस आमच्यापुढे उभा राहिला. तो आज तुम्हाला सांगतो.

त्याआधी थोडा इतिहास. आपल्या देशात रेडिओ केंद्र रीतसर सुरू झालं ते मुंबईत, २३ जुलै १९२७ रोजी. ते एका खासगी कंपनीचं होतं. तीन वर्षांत कंपनी बुडाली आणि कारभार सरकारकडे गेला. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं. पुढे आकाशवाणी हे नाव रूढ झालं. नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, पुणे केंद्र १९५३ मध्ये. घरात रेडिओ ठेवायचा तर परवाना लागे. पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का घ्यायचा. म्हणजे रेडिओ ही जमिनीसारखीच कागदावरची मालमत्ता होती, आणि तो कागदही बहुतेक घरांत पुरुषाच्याच नावाचा. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता, ते शेजारी नाहीतर चावडीवर जाऊन ऐकत. चावडीवर बाई कशी जाणार? ती आपली शेजारच्या ओट्याच्या आडून ऐकायची.

आता तो दिवस.

पहाटे उठून सडा घातला, चूल पेटवली, की सहाच्या सुमाराला तानपुरा आणि व्हायोलिनची ती धून लागे. ती ऐकली नाही अशी पन्नाशीपुढची बाई सापडणार नाही. ही धून वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराने बांधली असं मानतात. हिटलरच्या काळात युरोप सोडून तो मुंबईला आला होता. परदेशातून जीव वाचवून आलेल्या माणसाच्या धुनेवर आपल्याकडच्या चुली पेटत होत्या! धुनेमागून 'वंदे मातरम्', मग अभंग, भक्तिगीतं. भाकरी थापता थापता अभंग पाठ होत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायांना असे अभंग मुखोद्गत आहेत.

सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज अनेकींच्या अजून कानात आहे. बाई बातम्या सांगते आणि घरातले सगळे पुरुष गप्प बसून ऐकतात, याचं आम्हाला फार नवल वाटायचं, असं एक मावशी म्हणाल्या. त्या बातम्यांवर घड्याळं लावत, पोरं शाळेला निघत. पण एक विसरायचं नाही. रेडिओ सरकारचा होता. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागली, तेव्हा सरकारला हवं तेवढंच रेडिओवर आलं. आवाज गोड असला, तरी काय सांगायचं ते दुसराच कोणी ठरवत होता.

पुण्याच्या रेडिओने सकाळी काय जादू केली होती, ते त्याआधीच्या पिढीने पाहिलं होतं. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी पुणे केंद्रावर 'गीतरामायण' सुरू झालं. गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडक्यांचं. वर्षभर आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन गीतं झाली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. आमच्यातल्या एकीची सासू म्हणायची, देवघरात हात लावायला बंदी असायची ना चार दिवस, तेव्हासुद्धा हा राम आम्हाला लांबून भेटायचा.

दुपार झाली की बाप्ये शेतावर नाहीतर कामावर. तेव्हा कुठे रेडिओचा कान पिळायला बाईला मिळे. मुंबई केंद्रावर महिलांसाठी 'वनिता मंडळ' लागायचं. लहान मुलांचं दूध, आजारपण, पाककृती, शिवण, कायद्याची चार वाक्यं, एखाद्या पुस्तकाची ओळख असं काय काय त्यात असे. लीलावती भागवत यांनी मुंबई केंद्रावर महिलांसाठी आणि मुलांसाठी पुष्कळ वर्षं कार्यक्रम केले. हा तास खरोखर आपला होता. पण तो ऐकायला घरी असायचं कोण? जिला खुरपणीला जायचं नव्हतं, ती. रोजगारावरच्या बाईला 'वनिता मंडळ' कधी लागतं हेसुद्धा माहीत नव्हतं.

आणि 'आपली आवड'? तिथे पत्र पाठवून गाणं मागायचं. गाण्याआधी पत्र पाठवणाऱ्यांची नावं आणि गावं वाचत. एका काकूंनी भावाकडून कार्ड लिहून घेतलं होतं. सासरी त्यांना सगळे 'अमक्याची सून' म्हणत. त्या दिवशी रेडिओवर त्यांचं स्वतःचं नाव आलं. "गाणं कोणतं लागलं ते आठवत नाही," त्या म्हणाल्या, "नाव आलं ते आठवतं."

संध्याकाळी शेतकऱ्यांचे कार्यक्रम. हवामान, बाजारभाव, बी-बियाणं, खतं. मुंबईवर गिरणीतल्या आणि कारखान्यातल्या माणसांसाठी 'कामगार सभा'.

या संध्याकाळच्या वेळेवरून एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने एक प्रयोग केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळं काढली. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसहाला, अर्ध्या तासाचा कार्यक्रम. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. ऐकून झालं की मंडळाने त्यावर बोलायचं, प्रश्न पुण्याला पाठवायचे, आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असा तो मंत्र होता. नंतर तपासणी झाली. नुसता रेडिओ होता त्या गावांपेक्षा, जिथे लोक एकत्र बसून बोलले त्या गावांना कितीतरी जास्त कळलं होतं. १९५९ पासून ही पद्धत देशभर नेली गेली.

ही गोष्ट आम्हाला फार आवडली. आपले बचत गट दुसरं काय करतात? पण याच गोष्टीची दुसरी बाजू अशी की, त्या मंडळांत बायका जवळजवळ नव्हत्याच. संध्याकाळी साडेसहाला बाई कुठे असते? धार काढायला, पाणी भरायला, चुलीपुढे. तिला 'येऊ नको' असं म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. वेळच अशी निवडली की ती आपोआप बाहेर राहिली.

रात्री जेवणं झाली की मुंबईची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका. त्यातले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घरचेच झाले होते. बुधवारी आठला तरणी पोरं काटा फिरवून सिलोनला लावत, अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'साठी. आणि क्रिकेटचा सामना असला तर दिवसभर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन. त्या दिवशी रेडिओजवळ जायची सोय नाही! शनिवारी रात्री साडेनऊला शास्त्रीय संगीताची मैफल. ती ऐकत, भांडी घासत, दिवस संपे.

असा तो दिवस. देवाचं, सरकारचं, शेताचं, हसण्याचं, गाण्याचं, सगळं त्यात होतं. आम्ही त्याला नावं ठेवत नाही. त्या रेडिओने आपल्या आयांना शहाणं केलं. पण दिवसभरात खेड्यातल्या बाईचा स्वतःचा आवाज किती वेळा आला, असं विचारलं तर उत्तर येतं, लोकगीतांच्या कार्यक्रमात, ओवी म्हणताना. तिने गायलेलं आलं. तिने बोललेलं फार थोडं आलं.

हे बदलायला वेळ लागला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ काढायची परवानगी मिळाली. २००८ मध्ये तेलंगणात दलित शेतकरी बायांनी आपलं केंद्र सुरू केलं. आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडलाही माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. अशा केंद्राचा आवाज दहा-बारा किलोमीटरच जातो आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्याव्या लागतात. पण माईक आपल्या हातात आहे.

आता एक कबुली. माईक हातात आल्यावर आम्ही काय केलं? आपला महिलांचा कार्यक्रम संध्याकाळी सातला लावला! तेव्हा सगळे घरी असतात, असं आम्हीच म्हणालो. सगळे घरी असतात खरे, पण बाई चुलीपुढे असते आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो. दोन महिने फोन येत नव्हते, तेव्हा आम्ही विषयाला दोष देत बसलो. वेळ चुकली हे त्या आजीच्या फळीने आम्हाला दाखवलं. बाईने बाईसाठी काढलेला रेडिओही असा उंचावर ठेवला जाऊ शकतो.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करा. तुमच्या दिवसात कान मोकळा कधी असतो, ते एकमेकींना विचारा. रोजगारावर जाणाऱ्या बायांना आधी विचारा. गटाच्या वहीत ती वेळ लिहा आणि आम्हाला कळवा. कार्यक्रम त्या वेळेला हलवू. आणि तो ऐकून झाल्यावर पाच मिनिटं तरी एकत्र बसून बोला, कारण नुसतं ऐकून भागत नाही, हे आपल्याच गावांनी १९५६ मध्ये दाखवून दिलंय.

आणि हो, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, तुमचा रेडिओ कुठे ठेवलेला असायचा. तिचं उत्तर तिच्याच आवाजात आम्हाला हवंय.