हिस्लॉपचे नाव, नागपूरचे पाणी

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आणखी एका ठिकाणी टिकून आहे. जेमतेम काही मिलिमीटर लांबीचा, दोन पारदर्शक शिंपल्यांत अंग मिटून घेणारा एक जीव गोड्या पाण्यात राहतो. कोळंबी-खेकड्यांचा हा दूरचा नातलग. शास्त्रीय नाव सायक्लेस्थेरिया हिस्लॉपी.

हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. हे स्कॉटिश मिशनरी धर्मप्रसारासाठी आले खरे. पण खडक, जीवाश्म आणि आदिवासींच्या बोली यांचाही त्यांना ध्यास होता. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह लिहिलेला नागपूर परिसराच्या भूस्तरांवरील त्यांचा निबंध १८५५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जमवलेले जिवंत पाण्यातले सूक्ष्म कवचधारी ब्रिटिश म्युझियममधील विल्यम बेअर्ड यांच्या हाती गेले. १८५९ साली बेअर्डनी त्यांतल्या एकाला ‘एस्थेरिया हिस्लॉपी’ असे नाव दिले. ‘हिस्लॉपी’ म्हणजे हिस्लॉपचा. पुढे चारच वर्षांनी, ४ सप्टेंबर १८६३ रोजी, टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप नदीत बुडून वारले.

नावाचा प्रवास मात्र चालू राहिला. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ जी. ओ. सार्स यांच्याकडे ऑस्ट्रेलियातला वाळका चिखल आला होता. त्यांनी तो पाण्यात भिजवला आणि त्यातून जिवंत प्राणी निघाले. हा बेअर्डचाच जीव, असे ठरवून सार्सनी १८८७ साली त्याच्यासाठी ‘सायक्लेस्थेरिया’ ही नवी प्रजाती स्थापली. या प्राण्याची एक रीत वेगळी आहे. त्याच्या बहुतेक भाऊबंदांची पिले डिंभक म्हणून पाण्यात सुटतात. याची पिले आईच्या शिंपल्याखालीच वाढतात आणि आईसारखी होऊनच बाहेर पडतात. त्यामुळे पाणपिसवांशी त्याचे नाते जवळचे मानले जाते.

आशिया, आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया : उष्ण प्रदेशांत जिथे जिथे तो सापडला, तिथे तिथे शतकभर हेच नाव लागले. २०१३ साली डीएनएच्या अभ्यासातून वेगळेच चित्र पुढे आले. दिसायला सारखे असलेले हे जीव एका जातीचे नाहीत. अनेक जाती एका नावाखाली नांदत होत्या आणि त्यांतल्या काहींची ताटातूट डायनोसॉरच्या काळातच झाली होती.

मग ‘हिस्लॉपी’ कोण? प्राणिनामकरणाचा नियम येथे सरळ आहे : नाव मूळ नमुन्याबरोबर राहते. मूळ नमुना नागपूरचा. म्हणून नागपूरचा जीव तो खरा हिस्लॉपी. इतरांना, वेगळे ठरल्यास, नवी नावे घ्यावी लागतील. आणि वेगळे ठरवायचे तर तुलनेसाठी मूळ गावचा ताजा जीव हवा. दीडशे वर्षांपूर्वीच्या सुकल्या नमुन्यातून डीएनए मिळेलच, याचा भरवसा नसतो.

म्हणजे ब्राझील वा ऑस्ट्रेलियातल्या एका जीवाची ओळख नागपूरच्या पाण्यावर अवलंबून आहे. तलाव बुजला, सांडपाण्याने नासला, तर गावाचे नुकसान होतेच. जगाने ज्याच्याशी ताडून पाहायचे ते मापही हरवते.

सोलापूरकरांना समुद्र नाही, पण सिद्धेश्वर तलाव आहे, हिप्परग्याचे पाणी आहे. नव्या जाती खोल सागरातच सापडतात असे नाही. हिस्लॉपना त्या गावातल्या पाण्यात मिळाल्या. पाणी राखले, तर पुढच्यांनाही मिळतील.